फेरफार करणाऱ्या हाताला दिलेला इशारा : ऑर्वेलची ‘१९८४’

जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी म्हटलं की बहुतेकांना आधी आठवतात ते भिंतीवरचे डोळे. बिग ब्रदर या सर्वसत्ताधीशाचं पोस्टर, घरात पाळत ठेवणारा टेलिस्क्रीन, रात्री-अपरात्री दारावर पडणारी थाप. कादंबरीचं काळीज मात्र पहिल्या भागाच्या चौथ्या प्रकरणात, ऑफिसातल्या एका टेबलाशी आहे. नायक विन्स्टन स्मिथ ‘मिनिस्ट्री ऑफ ट्रूथ’ या सत्याच्या नावानं चालणाऱ्या प्रचार मंत्रालयात कामावर येतो, ‘स्पीकराइट’ हे बोललेलं लिहून घेणारं यंत्र पुढे ओढतो, चष्मा लावतो. यंत्राच्या उजवीकडे लेखी हुकूम येण्याची छोटी नळी, डावीकडे जुनी वर्तमानपत्रं येण्याची मोठी नळी आणि शेजारच्या भिंतीत, हात सहज पोचेल अशी, जाळी लावलेली फट. नको तो कागद तिच्यात टाकायचा. ती ‘मेमरी होल’.

त्या सकाळी चार चिठ्ठ्या येतात. चॉकलेटचं रेशन कमी करणार नाही, असं सरकारनं वचन दिलं होतं; आता ते ३० ग्रॅमवरून २० वर यायचं आहे. विन्स्टन जुन्या अंकातलं वचन खोडतो आणि रेशन बहुधा कमी करावं लागेल, असा इशारा त्या जागी घालतो. बुटांचा अंदाज १४ कोटी ५० लाख जोडांचा होता, प्रत्यक्ष आकडा ६ कोटी २० लाखांचा आला. विन्स्टन अंदाजच ५ कोटी ७० लाखांवर आणून ठेवतो, म्हणजे उद्दिष्ट ओलांडल्याचं दाखवता येतं. मग येतं अवघड काम. विदर्स नावाचा सन्मानित माणूस ‘नाहीसा’ झाला आहे, त्याच्या गौरवाचं भाषण बदलायचं आहे. विन्स्टन ओगिल्व्ही नावाचा एक हुतात्मा बसल्या बैठकीला घडवतो : तीन वर्षांचा असताना ढोल, मशीनगन आणि खेळण्यातलं हेलिकॉप्टर सोडून बाकी खेळणी नाकारणारा, तेविसाव्या वर्षी समुद्रात उडी घेऊन मरणारा. हे काम करताना त्याला आनंद होतो. आयुष्यातलं त्याचं सर्वात मोठं सुख हे कामच आहे, असं ऑर्वेल स्वच्छ लिहितो.

या एका वाक्यासाठी ही कादंबरी पुन्हा वाचावी. डिस्टोपियन, म्हणजे भयाण समाजाचं चित्र रंगवणाऱ्या, कादंबऱ्या बहुधा बळी पडणाऱ्याच्या बाजूनं लिहिल्या जातात. ही कादंबरी यंत्राच्या खुर्चीत बसून आलेल्या माणसानं लिहिली आहे. तिचा इशारा जितका नागरिकाला आहे, त्याहून अधिक कारकुनाला, संपादकाला, निवेदकाला आणि शिपायाला आहे. जिथे ऑर्वेल स्वतःच्या अनुभवाच्या बळावर बोलतो तिथे पुस्तक आजही अंगावर येतं. जिथे अनुभव नव्हता तिथे ते सैल पडतं, आणि एका ठिकाणी तर हाताशी असलेला अनुभव त्यानं नीट वापरलेलाच नाही.

ऑर्वेलचं मूळ नाव एरिक आर्थर ब्लेअर. जन्म २५ जून १९०३, मोतिहारी. वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात. वर्षभराच्या आतबाहेर तो आईबरोबर इंग्लंडला गेला. ईटनचं शिक्षण संपल्यावर विद्यापीठात न जाता १९२२ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, ब्रह्मदेशात इंडियन इंपीरियल पोलिसात अधिकारी म्हणून दाखल झाला आणि १९२७ पर्यंत राहिला. चरित्राच्या ओझरत्या उल्लेखात ही पाच वर्षं ‘तरुणपणीची नोकरी’ म्हणून उरकली जातात. ‘१९८४’ समजून घ्यायला ती फार मोलाची आहेत. हत्तीला गोळी घालण्याविषयीच्या त्याच्या १९३६ च्या निबंधात एक निरीक्षण आहे : सत्ता गाजवणारा मुखवटा चढवतो आणि पुढे त्याचा चेहराच मुखवट्याच्या मापाचा होत जातो. आता कादंबरीत विन्स्टन टेलिस्क्रीनकडे वळताना काय करतो ते पाहा. तोंडावर शांत आशावादाचा भाव आणतो, कारण चुकीचा भाव उमटणं हाही ‘फेसक्राइम’ नावाचा गुन्हा आहे. निबंधातला चेहरा सत्ताधाऱ्याचा आहे, कादंबरीतला सत्तेखालच्याचा. मधल्या बारा-तेरा वर्षांत त्यानं निरीक्षण तेच ठेवलं, फक्त बाजू बदलली. म्हणूनच ओब्रायन हा छळ करणारा अधिकारी कानाला इतका खरा वाटतो. तो ओरडत नाही. शिक्षकासारखा, डॉक्टरसारखा, थकल्या-भागल्या आपुलकीनं बोलतो. कोठडीच्या बाहेरच्या बाजूला उभं राहिल्याशिवाय हा सूर सापडत नाही.

दुसरी खुर्ची बीबीसीची. ऑगस्ट १९४१ ते नोव्हेंबर १९४३ ऑर्वेल बीबीसीच्या ईस्टर्न सर्व्हिसमध्ये भारतासाठी कार्यक्रम करत होता. युद्धाच्या बातम्यांचा साप्ताहिक आढावा तो इंग्रजीत लिही. शिवाय भारतीय भाषांतल्या वार्तापत्रांचे इंग्रजी मसुदे त्याच्या हातचे असत, आणि त्या भाषांत मराठीही होती. वेणू चितळे तिथे त्याच्या सहकारी होत्या. प्रत्येक मजकूर दोन चाळण्यांतून जाई : एक धोरणाची, दुसरी सुरक्षेची. मंजूर झालेल्या संहितेबाहेर कोणी गेलं तर प्रक्षेपण तोडायला माणूस बसलेला असे. मार्च १९४२ च्या रोजनिशीत त्यानं नोंदवलं आहे की, प्रचार खरं सांगत असला तरी तो खोटाच असतो. सप्टेंबर १९४३ मध्ये राजीनामा देताना त्यानं तक्रार केली ती दडपशाहीची नव्हे. आपल्यावर कोणी मतं लादली नाहीत, हे त्यानं आवर्जून लिहिलं. ज्या कामातून काही निष्पन्न होत नाही त्यावर आपला वेळ आणि जनतेचा पैसा जातो आहे, ही त्याची खंत होती.

इथे वाचकाची एक चूक ठरलेली असते : ‘मिनिस्ट्री ऑफ ट्रूथ म्हणजे बीबीसी’ असं समीकरण मांडून मोकळं होणं. बीबीसीत ऑर्वेलला जुनी वर्तमानपत्रं बदलायला कोणी सांगितलं नव्हतं. तिथून त्यानं उचललं ते बारीकसारीक सामान. तळघरातलं कँटीन, रांगेतलं बेचव जेवण, समितीच्या बैठका, आणि हुशार माणसांनी, कुणी ऐको न ऐको, मन लावून शब्द घडवत बसणं. इमारतीचा नमुना आणखी दुसरीकडचा. युद्धकाळात माहिती मंत्रालय लंडन विद्यापीठाच्या सेनेट हाउसमध्ये होतं आणि ऑर्वेलची पत्नी आयलीन सेन्सॉर खात्यात काम करत होती. सेनेट हाउसची उंची सुमारे ६४ मीटर. कादंबरीतलं मंत्रालय ३०० मीटर. न्यूस्पीक या कादंबरीतल्या सरकारी, शब्द छाटलेल्या भाषेचं बीजही याच वर्षांतलं. ‘बेसिक इंग्लिश’ ही ८५० शब्दांची सोपी इंग्रजी तेव्हा चर्चेत होती आणि सुरुवातीला ऑर्वेलला तिच्याबद्दल आस्था होती. कमी शब्द म्हणजे थापा मारायला कमी जागा, असा तो विचार. कादंबरीत तीच कल्पना उलटी फिरते : शब्द कमी केले की सत्य सांगायलाही जागा उरत नाही. स्वतःला पटलेल्या गोष्टीतला धोका शोधणारा लेखक विरळा. न्यूस्पीक नुसती गंमत न वाटता अस्वस्थ करते ती त्यामुळेच.

आता स्पेन, कारण कादंबरीतली भीती तिथली आहे. डिसेंबर १९३६ मध्ये ऑर्वेल तिथल्या यादवी युद्धात बंडखोर सेनापती फ्रँकोविरुद्ध लढायला बार्सिलोनाला पोचला आणि पीओयूएम या छोट्या मार्क्सवादी, स्टॅलिनविरोधी पक्षाच्या पथकात भरती झाला. अरागॉनच्या आघाडीवर महिनोन् महिने थंडी, उवा आणि सरपणाची वणवण, लढाई थोडीच. मे १९३७ मध्ये रजेवर बार्सिलोनाला आला तेव्हा फ्रँकोविरोधी गटांतच रस्त्यावर गोळीबार चालू झाला होता. आघाडीवर परतल्यावर २० मे रोजी शत्रूची गोळी त्याच्या गळ्यातून आरपार गेली. जीव वाचला, आवाज काही काळ गेला. दवाखान्यातून सुटून जूनमध्ये बार्सिलोनाला परततो तो त्याचा पक्ष बेकायदा ठरलेला. ज्यांच्याबरोबर खंदकात बसला ते सगळे आता फ्रँकोचे हस्तक म्हणून तुरुंगात. नेता आंद्रेस नीन याला उचलून ठार मारण्यात आलं. हॉटेलात आयलीनच्या खोलीवर पोलिसांची धाड पडली. तिच्या पलंगाला मात्र त्यांनी हात लावला नाही. ती त्यावर झोपून होती आणि पासपोर्ट तिथेच दडवलेले होते. पण ऑर्वेलची रोजनिशी आणि कागदपत्रं ते घेऊन गेले. नवराबायको आगगाडीनं फ्रान्समध्ये निसटले. १३ जुलै १९३७ च्या हेरगिरीविषयक खटल्याच्या कागदांत दोघांची नावं कट्टर ट्रॉट्स्कीवादी, म्हणजे स्टॅलिनचा विरोधक ट्रॉट्स्की याचे अनुयायी, म्हणून आहेत.

विन्स्टनचा पहिला गुन्हा काय? रोजनिशी लिहिणं. स्पेनमधल्या जप्तीशी याचा धागा जोडणारं ऑर्वेलचं स्वतःचं विधान नाही, तेव्हा तो तर्कच समजावा. पुढचा धागा मात्र पक्का आहे. इंग्लंडला परतल्यावर त्यानं वाचलं की जिथे लढाई झालीच नव्हती तिथे मोठ्या लढाया झाल्याच्या बातम्या आहेत, आणि जिथे शेकडो मेले तिथे अवाक्षर नाही. स्पेनच्या युद्धाकडे मागे वळून पाहणाऱ्या निबंधात त्यानं ही धास्ती नोंदवली : खोट्याची भीती बाँबपेक्षा मोठी, कारण उद्या तेच इतिहास म्हणून राहील. बातमी पक्षपाती असते हे त्याला आधीपासून माहीत होतं. घटनेशी साध्या खोट्याइतकाही संबंध नसलेली बातमी त्यानं स्पेनमध्ये पहिल्यांदा पाहिली. कादंबरीतल्या बुटांच्या हिशेबात हेच आहे. विन्स्टनला वाटतं की एक खोटं जाऊन त्या जागी दुसरं खोटं आलं, खऱ्याशी दोन्हींचा संबंध नाही. बूट मुळात तयारच झाले नसावेत.

स्टॅलिननं विरोधकांवर चालवलेल्या मॉस्कोच्या खटल्यांनी यात एक नेमका तुकडा घातला. १९३६ च्या खटल्यात एका आरोपीनं कबुली दिली की १९३२ मध्ये कोपनहेगनच्या ब्रिस्टल हॉटेलात ट्रॉट्स्कीच्या मुलाची गाठ घेतली. ते हॉटेल १९१७ मध्येच पाडलेलं होतं. १९३७ च्या खटल्यात दुसऱ्यानं डिसेंबर १९३५ मध्ये विमानानं ऑस्लोला गेल्याचं सांगितलं. त्या महिन्यात तिथल्या विमानतळावर परदेशी विमान उतरलंच नव्हतं. कादंबरीतले जोन्स, आरन्सन आणि रदरफर्ड हे खोट्या कबुल्या दिलेले तिघं पक्षनेते याच मातीतले. ज्या दिवशी शत्रूच्या भूमीवर होतो अशी कबुली त्यांनी दिली, त्याच दिवशी ते न्यूयॉर्कमध्ये होते हे सांगणारं छायाचित्र विन्स्टनच्या हाती पडतं. तो काय करतो? मेमरी होलमध्ये टाकतो. सबंध पुस्तकातला एकमेव ठोस पुरावा नायकाच्याच हातानं आगीत जातो, तोही कुणी धमकावलेलं नसताना, निव्वळ पकडले जाण्याच्या धास्तीनं. ‘दोन अधिक दोन पाच’ हेही हवेतून आलेलं नाही. पंचवार्षिक योजना चार वर्षांत पुरी करण्याची ती सोव्हिएत घोषणा होती, आणि ती सांगणारं एका अमेरिकी पत्रकाराचं पुस्तक ऑर्वेलनं १९३८ मध्ये परीक्षणासाठी वाचलं होतं.

कळकट लंडनबद्दल थोडक्यात. ब्लेड न मिळणं, सॅकरिनच्या गोळ्या, बंद पडलेली लिफ्ट, आठवड्याला पडणारे वीस-तीस रॉकेट बाँब हे भविष्य नाही, १९४४ ते १९४८ चं लंडन आहे. जून १९४४ मध्ये उडत्या बाँबनं ऑर्वेलचं राहतं घर मोडलं. ब्रिटनमध्ये पाव रेशनवर आला तो युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये. कादंबरीतली जगाची तीन महासत्तांत विभागणी ही कल्पना १९४३ च्या तेहरान परिषदेवरून सुचली, असं त्यानं स्वतः पत्रात सांगितलं आहे.

आता सर्वांत हट्टी गैरसमज : ही मरणाऱ्या माणसाची निराशा आहे. तारखा लावून पाहिलं तर हे टिकत नाही. ‘द लास्ट मॅन इन युरोप’ या तात्पुरत्या नावाखाली केलेला आराखडा १९४३-४४ च्या सुमारास वहीत तयार होता. न्यूस्पीक, नोंदींची दुरुस्ती, कादंबरीतल्या पक्षाच्या तिन्ही घोषणा त्यात आहेत. तेव्हा आयलीन हयात होती (तिचा मृत्यू २९ मार्च १९४५ चा, शस्त्रक्रियेच्या वेळी), आणि १९४४ मध्ये त्यांनी मूल दत्तक घेतलं. पहिला खर्डा स्कॉटलंडच्या जुरा बेटावरच्या बार्नहिल या एकाकी घरात १९४७ च्या शरदात झाला. डिसेंबरात क्षयामुळे ग्लासगोजवळच्या हेअरमायर्स रुग्णालयात भरती. १९४८ मध्ये अमेरिकेहून मागवलेलं स्ट्रेप्टोमायसिन दिलं. औषध लागू पडत होतं, पण कातडी सोलवटली, तोंडात-घशात फोड आले, केस गळले, नखं खराब झाली, म्हणून ते बंद करावं लागलं. जुलैत बेटावर परतून त्यानं दुसरा खर्डा केला. टंकलेखक तिथवर यायला तयार होईना, तेव्हा अंथरुणात बसून स्वतः टाइप केला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला संपवला. प्रकाशन ८ जून १९४९, मृत्यू २१ जानेवारी १९५०.

म्हणजे आजारानं इशारा दिला नाही, आजारानं शरीर दिलं. तिसऱ्या भागात आरशापुढे उभा केलेला विन्स्टन, बरगड्यांचा सापळा, ओब्रायननं मूठभर केस सहज उपटून दाखवणं, हाताला येणारा सैल दात : ही पानं वाचताना १९४८ चं रुग्णालय डोळ्यांपुढून हटत नाही. विचार आणि शरीर यांचे उगम वेगळे धरले की पुस्तक नीट वाचता येतं. दुसरं टोक गाठलं १९५६ मध्ये अँथनी वेस्ट यांनी : सगळ्या भयाचं मूळ ऑर्वेलच्या बालपणीच्या वसतिशाळेत शोधलं. त्या शाळेवरचा ऑर्वेलचा निबंध जरूर वाचावा; पोरक्या मुलाची असहायता तिथे आहे. पण शाळेतून बुटांचे आकडे येत नाहीत. आणि १९४८ उलटं करून १९८४ केलं, ही गोष्ट तर हस्तलिखितच खोडून काढतं : तिथे आधी १९८०, मग १९८२ आणि शेवटी १९८४ आहे.

मग दोष कुठे? सर्वांत मोठा प्रोल, म्हणजे पक्षाबाहेरच्या कामगार लोकांच्या चित्रणात. लोकसंख्येचे ८५ टक्के असलेली ही माणसं विन्स्टनला बाहेरूनच दिसतात : दोरीवर कपडे वाळत घालणारी बाई, गुत्त्यातला म्हातारा. १९३६ मध्ये ऑर्वेल दोन महिने उत्तर इंग्लंडच्या खाणकामगारांत राहिला, खाणीत उतरला, त्यांच्या मजुरीच्या पावत्यांचे हिशेब छापले. इतका ऐवज हाती असताना कादंबरीत कामगारांना स्वतःचं डोकं नाही, ही उणीव मोठी आहे. विन्स्टनची प्रेयसी ज्युलिया हिचंही तसंच. ती कादंबऱ्या तयार करणाऱ्या यंत्रावर मेकॅनिक आहे. तिच्या कामाचं टेबल विन्स्टनच्या टेबलाइतक्या बारकाईनं दाखवलं असतं तर पुस्तकाला दुसरा डोळा मिळाला असता. त्याऐवजी राजवटीचं मर्म उलगडणारा निषिद्ध ग्रंथ विन्स्टन वाचत असताना ती झोपी जाते. त्या ग्रंथाची लांबलचक पानं अनुभवातून आलेली नाहीत, वाचनातून आली आहेत : जेम्स बर्नमच्या १९४१ च्या व्यवस्थापकशाहीवरील पुस्तकाशी ऑर्वेल वाद घालत होता, आणि तो वाद कथेच्या अंगात नीट मुरला नाही.

तुलनेसाठी येवगेनी झाम्यातिन. १९२०-२१ मध्ये लिहिलेल्या ‘वी’ या त्याच्या कादंबरीचं परीक्षण ऑर्वेलनं जानेवारी १९४६ मध्ये केलं, आणि तिथून त्यानं बरंच घेतलं हे उघड आहे. पण झाम्यातिन जहाजबांधणीचा इंजिनियर. १९१६-१७ मध्ये न्यूकॅसलला रशियासाठी बर्फफोड्या जहाजांच्या बांधणीवर देखरेख करत होता. म्हणून त्याचा दुःस्वप्नलोक काचेच्या भिंतींचा, वेळापत्रकाचा, आकड्यांच्या माणसांचा. ऑर्वेल पोलीस आणि मजकूर लिहिणारा. म्हणून त्याचा दुःस्वप्नलोक फायलींचा. कोणतीही डिस्टोपियन कादंबरी हाती घेताना लेखकानं पोटासाठी कोणतं हत्यार हाताळलं, हे आधी पाहावं. इशारा बहुतेक वेळा त्याच हत्याराविषयी असतो.

हे सूत्र ऑर्वेलवरच उलटतं, तेही टाळू नये. मे १९४९ मध्ये, पुस्तक येण्याच्या महिनाभर आधी, त्यानं ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या माहिती संशोधन विभागाला ३८ नावांची यादी दिली. ही माणसं कम्युनिस्टांकडे झुकलेली असल्यानं सरकारी प्रचारलेखनाला बोलावू नयेत, असा तिचा हेतू. यादीमुळे कुणाला अटक झाली नाही. तरीही माणसांच्या नावापुढे शेरे लिहिणारा हात त्याचाच होता, आणि विन्स्टनचं टेबल त्याला इतकं नेमकं का दिसलं याचं उत्तर काही अंशी इथे आहे. कादंबरीची किंमत यानं कमी होत नाही. ती अधिक गंभीरपणे वाचावीशी वाटते.

वाचायचा क्रम. कादंबरीचे तीन भाग, अनुक्रमे ८, १० आणि ६ प्रकरणं. आधी हत्तीचा निबंध आणि १९३१ चा फाशीवरचा छोटा लेख वाचावा. दोन्ही मिळून एक तास. मग पहिला भाग सलग. तो संपल्यावर थांबून स्पेनवरचं १९३८ चं पुस्तक घ्यावं; घाई असेल तर निदान बार्सिलोनातल्या मे महिन्याची आणि शेवटच्या पलायनाची प्रकरणं. त्यानंतर दुसरा-तिसरा भाग. निषिद्ध ग्रंथाची पानं पहिल्या वाचनात चाळली तरी कथेचा धागा तुटत नाही, दुसऱ्या वाचनात मात्र चुकवू नयेत. चरित्र आधी संपूर्ण वाचून मग कादंबरीकडे येऊ नये; मग प्रत्येक पानावर ‘हे कुठून आलं’ एवढाच खेळ उरतो.

प्रत घेताना दोन गोष्टी उघडून पाहाव्यात. एक, शेवटच्या प्रकरणात विन्स्टन टेबलावरच्या धुळीत बोटानं बेरीज लिहितो ती जागा. १९५१ च्या ब्रिटिश आवृत्तीत छपाईत ‘५’ गळाला आणि पुढे १९८७ पर्यंत तिथल्या प्रतींत बरोबरच्या चिन्हापुढे कोरी जागा राहिली. एका गळालेल्या आकड्यानं विन्स्टन अजून पुरता मोडलेला नाही असा अर्थ निघतो, जो ऑर्वेलनं लिहिलेला नाही. जुनी प्रत असेल तर तो ५ पेन्सिलीनं घालून घ्यावा. दोन, शेवटी न्यूस्पीकवरचं परिशिष्ट आहे का. अमेरिकेतल्या बुक ऑफ द मंथ क्लबनं हे परिशिष्ट आणि निषिद्ध ग्रंथाचा भाग गाळायची अट घातली होती. पैशाची गरज असलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या ऑर्वेलनं नकार दिला, आणि क्लबनं शेवटी पुस्तक पूर्ण घेतलं. परिशिष्ट सगळं भूतकाळात लिहिलेलं आहे : न्यूस्पीक ही ओशनिया या विन्स्टनच्या महासत्तेची भाषा होती, ती २०५० पर्यंत पूर्ण रुळेल अशी अपेक्षा होती. हे कोण लिहितं, कधी लिहितं, याचा उल्लेख नाही, पण ते जुन्या साध्या इंग्रजीत आहे. परिशिष्ट नसलेली प्रत घेऊ नये.